घरी धुतलेल्या बशा

मीनाक्षी भडकमकरला हेवा करायला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिला उपजतच येत होतं. गिरगावातल्या चाळीत शेजारची नलू तिच्याआधी सायकल शिकली, तेव्हा मीनाक्षीनं नलूशी अबोला धरला. मॅट्रिकला नलूला संस्कृतात चार मार्क जास्त पडले, तेव्हा पेढे घेऊन आलेल्या नलूच्या आईला तिनं "मी गोड खात नाही" असं सांगितलं आणि आत जाऊन गुळाचा खडा तोंडात टाकला. एरवी मुलगी मनानं वाईट नव्हती. शेजारीपाजारी कुणी आजारी पडलं की हीच उशाशी जाऊन बसे. पण त्याच शेजाऱ्याचं जरा बरं चाललेलं दिसलं, की तिच्या पोटात दुखायला लागे. मग ते तोंडावर दिसू नये म्हणून ती नेहमीपेक्षा जास्त सभ्य, जास्त टापटीप वागे. तिच्या टापटिपीचं आईला भारी कौतुक होतं. आई म्हणजे आनंदीबाई. त्या टापटिपीमागे काय आहे, हे त्या माउलीला कधी कळलंच नाही.

एम.एस्सी. होऊन मुलींच्या शाळेत फळ्यावर बेडकाची आतडी काढता काढता मीनाक्षी विटली होती. सत्तावन्न साली तिला परळच्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं आणि आपल्या जन्माचं सार्थक झालं असं तिला वाटलं. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर रघुवीर केंकरे. या माणसाला जेवणाखाणाची शुद्ध नसे, कारण त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला होता. पेशीभोवती एक आवरण असतं. इतकं पातळ, की सूक्ष्मदर्शकातूनही ते धड दिसत नाही. त्यात चरबीचे थर आहेत आणि थरांच्या दोन्ही अंगांना प्रथिनं आहेत, असं तेव्हाचे शास्त्रज्ञ मानत. काय आत घ्यायचं, काय बाहेर टाकायचं, हे त्या आवरणाच्या हाती. आणि पेशीच्या दोन पेशी व्हायच्या, तेव्हाही सगळा खेळ त्याच्याच जिवावर.

"एका मोठ्या मोदकाचं सारण घ्या आणि त्याचे दोन लहान मोदक करा," डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "पारी तेवढीच पुरेल?"

"नाही पुरणार," मीनाक्षी म्हणाली. गणेश चतुर्थीचे मोदक दरवर्षी तिच्याच गळ्यात पडत. "सारण तेवढंच, पण पारी जास्त लागणार."

"मग पेशी ही जादा पारी आणते कुठून? आणि मधोमध तिला आवळतं कोण? चरबी, की प्रथिनं?"

हे शोधायला त्यांनी काम दोघींत वाटून दिलं. चरबीची बाजू मीनाक्षीकडे आली आणि प्रथिनांची राधाकडे. ही राधा डिलाईल रोडच्या चाळीतली. वडील कोंडीराम गिरणीत, आई घरी, आणि आदल्याच वर्षी सगळ्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारलेला. मीनाक्षीपेक्षा वयानं लहान, बोलायला तिखट, आणि कामात असा हात, की काचपट्टीवर थेंब ठेवला तर तो सांगितल्या जागीच बसे. जूनपासून प्रयोगशाळेत पगारी जागा एकच राहणार होती. दोघींपैकी जिचं काम सरस, तिला ती मिळणार. दुसरीनं घरी जायचं. मीनाक्षीच्या बाबतीत घरी जायचं म्हणजे पुन्हा फळा, पुन्हा बेडूक.

कामाला लागणारे प्राणी वरळी कोळीवाड्यातून येत. खडकांच्या फटींतून काढलेले काळे काटेरी गोळे. शास्त्रात त्यांना सी-अर्चिन म्हणतात. जाईबाई कोळीण ते बादलीतून आणून देई आणि दर खेपेला म्हणे, "खावाचा नाय, इकावाचा नाय, तुमी करता काय याचा?" त्या गोळ्यांतून अंडी काढायची, समुद्राच्या पाण्यात काचेच्या बशीत ठेवायची आणि फलित करायची. तासाभरात एकेका अंड्याला कंबर पडते, ती आवळत जाते आणि एकाचे दोन होतात. मग कुठल्या बशीत किंचित चरबी मिसळायची, कुठल्या बशीत प्रथिनं पचवणारा पाचक रस, आणि कंबर पडते का नाही ते पाहायचं. एका बशीत मात्र समुद्राचं नुसतं साधं पाणी. त्या बशीत अंडी नीट दुभागली, तरच बाकीच्या बशांमधलं खरं मानायचं.

सुरुवातीला दोघींचीही अंडी छान दुभागत होती. पण डॉक्टर राधाच्या सूक्ष्मदर्शकाशी जास्त वेळ थांबतात, असं मीनाक्षीच्या लक्षात आलं. थांबत होते की नाही, देव जाणे. पण हिनं पाहिलं ते पाहिलं. राधाला ते "अगं, हे बघ" म्हणत आणि हिला "मीनाक्षीबाई, तुम्ही". मान देत होते बिचारे, हिच्या मनाला मात्र ते दूर लोटल्यासारखं लागे. राधाची खिडकीजवळची खुर्ची तिच्या डोळ्यांत खुपायला लागली. राधाचं हसणं खुपायला लागलं. तिच्या दोन धुवट साड्या, तिनं डब्यात आणलेली भाकरी, सगळंच. आणि एके दिवशी बशा धुणारा गणपत राधाशी तिच्या चाळीतल्या कुणाच्या लग्नाबद्दल बोलताना दिसला. तेवढं पुरलं. हे दोघं एका वस्तीतले, तेव्हा हा तिच्या बशा चांगल्या धूत असणार आणि आपल्या कशातरी विसळत असणार, अशी मीनाक्षीची खात्रीच झाली.

"माझ्या बशा यापुढे मी घरी नेऊन धुईन," सगळ्यांदेखत तिनं जाहीर केलं. "दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको."

गणपतनं खांदे उडवले. राधा सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसली होती. तिनं मान वर केली, मीनाक्षीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

घरी आनंदीबाईंनी बशा मनापासून हाती घेतल्या. सोन्याचा दागिना धुवावा तशा त्यांनी त्या धुतल्या. रिठे भिजत घालून, त्या पाण्याचा फेस काढून, त्यात बुडवून. नळाला पाणी सकाळचंच, तेव्हा एकदाच वरवर विसळायच्या आणि मऊ रेशमी फडक्यानं पुसायच्या. ते फडकंही रिठ्यातच धुतलेलं. बशा आरशासारख्या चकाकत. मीनाक्षी त्या पदरात गुंडाळून परळला नेई आणि राधाच्या पाणी सुकून डाग पडलेल्या बशांकडे तुच्छतेनं पाही.

आणि तिची अंडी फुटायला लागली.

पाणी ओतावं, अंडी सोडावीत, आणि बघता बघता ती फुगून विरून जावीत. चरबीच्या बशीतली गेली असती तर निष्कर्ष तरी निघाला असता. साध्या पाण्याच्या बशीतलीही जात होती. तिकडे राधाची अंडी दोन, चार, आठ अशी मुकाट्यानं वाढत होती. मीनाक्षीचा जळफळाट झाला. जाईबाई हिला चांगले गोळे देते, मला मेलेले. पाणी हिच्या बाटलीत ताजं, माझ्यात शिळं. मग ती बशा आणखी काळजीनं धुवायला लागली, रिठे दुप्पट घातले. अंडी आणखी लवकर फुटायला लागली. एम.एस्सी.ला तिनं स्वतःच्या हातानं रक्ताच्या थेंबात सॅपोनिन घालून तांबड्या पेशी फोडल्या होत्या. आवरणातल्या चरबीला ते सॅपोनिन कसं धरतं आणि भोकं पाडतं, हे परीक्षेत सविस्तर लिहून मार्क घेतले होते. पण ते सॅपोनिन बाटलीतलं, चिठ्ठी लावलेलं. रिठा आईचा. या दोन गोष्टी तिच्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नाहीत.

एप्रिलमध्ये शिवाजी पार्कावर संयुक्त महाराष्ट्राची मोठी सभा होती. दुपारपासूनच परळच्या रस्त्यावरून मोर्चे जायला लागले. डॉक्टर गेले, गणपत गेला. घोषणा जवळ आल्या तशी राधाही खाली फाटकाशी जाऊन उभी राहिली. तिची बशी टेबलावर होती, आणि तीत नुकती कंबर पडलेली अंडी.

मीनाक्षी उठली. चोरी करायची म्हणून नव्हे. राधाला चांगला माल मिळतो हे तिला एकदा सिद्ध करायचं होतं. तिनं राधाच्या बशीतून थेंबभर अंडी उचलली आणि आपल्या चकाकत्या बशीत सोडली. इथेही ती दुभागली, की डॉक्टरांना सांगायला तोंड राहील. तिनं डोळा लावला. कंबर पडलेलं एकेक अंडं थरथरलं, फुगलं आणि फुटलं. राधाच्या बशीतली मात्र जशीच्या तशी होती.

म्हणजे अंडी नव्हेत. पाणी नव्हे. बशी.

तिनं बशी नाकाशी नेली. रिठ्यात धुतलेल्या रेशमी साड्यांच्या पेटीचा वास. रिठ्याला फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिनमुळेच. मग कुठे रिठा आणि सॅपोनिन एका जागी आले, आणि कुणीतरी थोबाडीत मारावी तशी ती बसून राहिली.

"कळलं वाटतं," मागून राधा म्हणाली. ती कधी वर आली ते समजलंही नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"काय ते नव्हतं माहीत. पण तुम्ही पाणी ओतलं की कडेला बुडबुडे बसायचे, ते हलायचे नाहीत. बशीला काहीतरी लागलंय, हे दिसत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मलाही ती जागा हवीय," राधा म्हणाली. "आणि सांगू कशाला? कुणाचा हात लागायला नको, असं तुम्हीच म्हणालात. आमच्या घरात याचा अर्थ कुणाला समजवून सांगावा लागत नाही."

मीनाक्षीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचे कान तापले. "छे गं, तसलं काही माझ्या मनातसुद्धा नव्हतं. आम्ही नाही तसलं मानत. मला... मला तुझा हेवा वाटत होता, राधा. तुझा हात, डॉक्टरांचं तुझ्याशी थांबणं, सगळ्याचा. म्हणून नेल्या बशा. नुसता हेवा."

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं हा शब्द स्वतःबद्दल वापरला होता.

राधाला हसू आलं, पण ते चांगलं नव्हतं. "माझ्या जागी, डबा खाताना नेहमी जिचं नाव काढता, त्या तुमच्या नलूताई असत्या, तर नेल्या असत्यात बशा घरी?"

"नेल्या असत्या," मीनाक्षी चटकन म्हणाली. आणि आपल्याला तिच्या हाताचं वावडं नाही हे दाखवायला तिनं ती बशी उचलून राधापुढे धरली. "हे घे. आता तूच धू."

राधानं बशी घेतली नाही. "म्हणजे आता तुमची भांडी मी घासायची?"

मीनाक्षीनं हात मागे घेतला. मग ती स्वतःच मोरीकडे गेली आणि नळ सोडून एकेक बशी पुन्हा पुन्हा विसळत बसली. खालून घोषणा येत होत्या. राधा आपल्या खुर्चीत बसून आठ पेशींची वाट पाहत होती.

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. फेब्रुवारीपासूनचं माझं काहीही धरू नका, बशांना रिठा होता. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, पुन्हा करा. तिनं केलं. साध्या पाण्यानं धुतलेल्या बशांत अंडी गुण्यागोविंदानं दुभागली. चरबी वाढवली की कंबर उशिरा पडते, असं थोडंफार दिसलंही. पण वेळ कमी पडला. जूनची जागा राधाला मिळाली. ते ऐकून मीनाक्षीच्या पोटात जे दुखलं, ते नलूच्या सायकलीच्या वेळीही दुखलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी तिनं आपला कोट घडी करून ठेवला आणि राधाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. निरोपाचं काही गोड बोलावं, असं ठरवून आली होती. निघालं ते भलतंच.

"तुझा हेवा वाटतो म्हणाले होते ना," ती म्हणाली, "तो अजून आहे. आज तर जास्तच आहे."

"बरं," राधा म्हणाली.

"पण दुसरं खोटं होतं. नलू असती, तर मी तिच्यावर रागावले असते, अबोला धरला असता, सगळं केलं असतं. बशा नसत्या नेल्या घरी."

राधानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

"मला ते तुम्ही बशा नेल्यात त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला कधी कळतंय, तेवढंच बघायचं राहिलं होतं."