बोलक्या सिस्टर

हृदयाच्या ऑपरेशननंतर पेशंटला अतिदक्षता विभागात आणलं, की त्याच्या उशाशी बोलक्या सिस्टर आहेत हे पाहूनच नातेवाइकांना हायसं वाटायचं. हे नाव त्यांना विभागातल्या लोकांनीच बहाल केलं होतं. कारण बेशुद्ध माणसाशीही त्यांची बडबड चालायची. "आता कुशीवर वळवते हं", "हे जरा गार लागेल", असं काहीबाही. केस पिकले, सवय सुटली नाही.

एके दिवशी ऑपरेशन होऊन त्यांच्याकडे एक म्हातारा न्हावी आला. हृदय थकलेलं, साखर जुनी, मूत्रपिंडंही कुरकुरणारी. एका डॉक्टरांनी तर ऑपरेशनला सरळ नकार दिला होता. दुसऱ्यांनी जिवाचा धोका न लपवता सांगितला, तेव्हा आजोबांनी एवढंच विचारलं, की नाही केलं तर दुकानापर्यंत चालवेल का? डॉक्टर नाही म्हणाले, आणि आजोबा तयार झाले.

दुपारी आजी भेटायला आल्या, पण नळ्या आणि वायरींचं जंजाळ बघून दारातच थिजल्या. सिस्टरांनी त्यांना हाताला धरून आत आणलं.

"ह्यांना ऐकू येतं का हो?" आजींनी विचारलं.

"खात्री नाही देता येत. मी आपलं येतं असं धरून चालते."

मग आजींनी नवऱ्याचा हात हातात घेतला आणि शेजारणीची तक्रार सुरू केली. सिस्टर गालातल्या गालात हसल्या.

आजी बाहेर गेल्या आणि थोड्याच वेळात आजोबांचं ब्लडप्रेशर उतरू लागलं. सिस्टरांनी छातीतून रक्त वाहून नेणाऱ्या नळीकडे पाहिलं. मघापर्यंत ती वाहत होती, आता एकदम बंद. नळी तुंबली असणार, आणि रक्त आत साठून हृदयाला दाबत असणार. त्यांनी हाक मारताच डॉक्टर धावत आले, सोनोग्राफीत तेच दिसलं, आणि आजोबांना परत ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. आजींना हे सांगायचं काम सिस्टरांनी स्वतःकडे घेतलं. काही सजवलं नाही, काही झाकलं नाही. मग दोघी बाकावर शेजारी शेजारी बसून राहिल्या.

रक्त निघालं, प्रेशर सावरलं. दुसऱ्या दिवशी आजोबांच्या घशातली श्वासाची नळी काढली. घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "ऑपरेशनआधी छातीवरचे केस कुणी काढले?"

"का हो आजोबा?"

"हात बसलेला नाही त्याचा."

आजींना हसू आवरेना आणि रडूही.

संध्याकाळी सिस्टरांनी घरी हे सांगितलं, तेव्हा भाजी ढवळता ढवळता नवऱ्याला हसून ठसकाच लागला. त्याने गरम गरम वाढलं, त्या पोटभर जेवल्या आणि पाठ टेकताच गाढ झोपल्या.