गोकार्टच्या शेडमधली दुपार

लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं, त्यासाठी आम्ही दोघं नांदेडहून लातूरला गेलो होतो. विहीणबाईंनी पंचांग बघून मुहूर्त काढून ठेवलेला. मुहूर्त भर दुपारचा. मे महिना, वर आग ओतलेली, सातवा महिना लागलेली पोर, आणि नांदेडपर्यंतचा रस्ता. मी म्हटलं, एवढ्या उन्हात नेली तर पोरीचं भरीत होईल. त्यावर विहीणबाईंनी तोडगा सांगितला: मुहूर्ताला उंबरा ओलांडायचा, बॅगा गाडीत टाकायच्या, प्रवासाला निघालो असं समजायचं. मग ऊन उतरेपर्यंत कुठंही बसा, फक्त परत घरात यायचं नाही. देवाला फसवण्याच्या आपल्याकडच्या युक्त्यांना तोड नाही. मी मान डोलावली.

कुठंही म्हणजे कुठं? जावयांनी लगेच तोड काढली. ते सोडायला सोबत येणारच होते. औसा रस्त्याला जुन्या तेलगिरणीच्या शेडमध्ये गोकार्टचा ट्रॅक नवीन झाला होता, आत मोठाले कूलर होते, बसायला जागा होती. त्यांचे मित्र तिथं नेहमी जातात म्हणे. "मामी, थंडगार हाय एकदम. गाड्या बघत बसा," असं म्हणाले. बाळंतपणाला निघालेली लेक घेऊन मी शर्यत बघायला जाईन असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

आमचे हे सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर होते. नांदेड-लातूर, नांदेड-देगलूर, भोकर, जळकोट, सगळे रस्ते यांच्या हाताखालून गेलेले. पूर्ण नोकरीत एक अपघात नाही, म्हणून मिळालेला बिल्ला अजून देवघराशेजारी टांगलेला आहे. रोज अंघोळीनंतर देवाला हात जोडतात आणि जाता जाता बिल्ल्याकडे बघतात. जास्त भक्ती कुणावर आहे ते मी विचारलेलं नाही. निवृत्तीनंतर जुनी छोटी गाडी घेतली आणि लेकीला आणायचं ठरलं तेव्हा बजावून सांगितलं, "भाड्याची गाडी करायची न्हाई. माझी लेक मी आणणार."

मला मात्र त्या वर्षात काहीतरी खटकत होतं. हा माणूस घरात दारांना धडकायला लागला होता. ताटाशेजारचा पेला सांडायचा आणि वर मलाच, "हितं कशाला ठेवलास?" गाडीच्या डाव्या अंगाला ओरखडे उठायचे, त्याचा आळ कॉलनीतल्या पोरांवर, भाजीच्या गाड्यावर, एकदा तर गाईवर. सकाळी येताना अहमदपूरच्या अलीकडे एका दुचाकीवाल्यानं डावीकडून हात करून शिव्या घातल्या. हे म्हणाले, "हल्ली कुणाला गाडी चालवायची अक्कलच न्हाई राहिली." मी वयाला दोष दिला, चिडक्या स्वभावाला दोष दिला. रिकामं बसलेल्या पुरुषाचं असंच होतं म्हणतात.

शेडमध्ये खरंच गार होतं. करडईच्या तेलाचा जुना वास कूलरच्या ओल्या गवतात मिसळला होता आणि त्यावर जळक्या रबराचा. जमिनीवर वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना जुन्या टायरांच्या लाल-पांढऱ्या भिंती, आणि कर्णकर्कश गाणी. गाड्या बॅटरीवरच्या, इतक्या बसक्या की भाजीच्या क्रेटला चाकं लावल्यासारख्या. मी आणि लेक कठड्याला लागून खुर्च्यांवर बसलो. लेक पोटावर हात ठेवून हसत होती. लग्नाआधीची दिसत होती अगदी.

जावयांनी स्वतःचं तिकीट काढताना यांचंही काढलं. "मामा, तुमच्याबिगर मजा न्हाई. नांदेडचा ड्रायव्हर कसा असतो ते दाखवा जरा आमच्या लातूरवाल्यांना."

"छ्या! पोराटोरांचा खेळ हाय ह्यो," हे म्हणाले. पण डोळे त्या गाड्यांवरून हलत नव्हते. जावयाला नाही म्हणायचं नसतं, या सबबीवर तयार झाले. हेल्मेट घातलं. बसण्याआधी त्या एवढ्याशा गाडीभोवती पूर्ण फेरी मारली, चारही चाकांना लाथ घालून हवा पाहिली, मग स्टिअरिंगला हात लावून तो हात कपाळाला नेला. आजूबाजूची पोरं हसली. मला राग आला, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला.

गाड्या एकेक करून सोडत होते. डाव्या भिंतीवर वर बत्ती होती. ती हिरवी झाली की पुढच्यानं निघायचं, पुन्हा लाल, पुन्हा हिरवी, मग त्याच्या मागच्यानं. दोघं गेले. यांची पाळी आली. बत्ती हिरवी झाली आणि हे बसून राहिले. सरळ समोर बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू फलाटावर गाडी लावली आहे. मागून जावई ओरडले, ट्रॅकवरचा माणूस ओरडला, पण गाण्यांच्या गोंगाटात काय ऐकू जाणार?

लेक हसून हसून लाल झाली. "आई, बाबा डबल घंटीची वाट बघायलेत!"

तेच असणार. उभा जन्म कंडक्टरनं दोरी दोनदा ओढल्याशिवाय या माणसानं गाडी हलवलेली नाही. मी पाण्याची स्टीलची बाटली उचलली आणि कठड्याच्या पाइपावर दोनदा आपटली. टण टण. हे निघाले. सगळी शेड टाळ्या वाजवायला लागली, आणि लेक म्हणाली की ही गोष्ट मी बाळाला सांगणार.

पहिल्या फेरीला मी नुसती बघत राहिले. वळणावर वेग कसा मोडायचा आणि पुढं कसा धरायचा, ते त्यांच्या अंगातच होतं. उजवा हात बाहेर काढून मागच्याला जा म्हणून खुणा करत होते. ट्रॅकवरचा माणूस हात आत घ्या म्हणून बोंबलत होता. शर्यतीत मागच्याला वाट देणारा हा पहिलाच गडी असेल. एक पोरगी पुढं गेली, तिलाही सलाम केला.

दुसऱ्या फेरीत एक गाडी डावीकडून आली आणि यांनी तिच्यावर गाडी घातली. धडक हलकी होती, टायरांच्या भिंतीनं झेलली. होतं असं. पुढच्या वळणावर तेच झालं, पुन्हा डावीकडूनच. मग मी बघायला लागले, म्हणजे नीट बघायला लागले. प्रत्येक वळणाच्या आधी हे मान पूर्ण डावीकडे फिरवत होते, खांद्याच्या पार मागं, हेल्मेटसकट. घुबडासारखी. बाकी कुणी असं करत नव्हतं. उजवीकडं नजर नुसती जायची, डावीकडं मान न्यावी लागायची. घरातली दारं, सांडलेले पेले, गाडीवरचे ओरखडे, सकाळचा दुचाकीवाला, सगळं माझ्या डोळ्यांपुढं एका बाजूला येऊन उभं राहिलं. आणि ती हिरवी बत्ती. तीही डावीकडंच होती.

लेक शेजारी टाळ्या वाजवत होती.

शेवटच्या फेरीत जावई त्यांच्या बरोबरीनं आले, हसत, हात उंचावून, डाव्या बाजूला. यांनी तसंच डावीकडं वळण घेतलं. जावयांची गाडी भिंतीवर जाऊन आदळली, आणि गुडघा स्टिअरिंगखाली चेपला. खेळ थांबवला. जावई लंगडत उठले, "काही न्हाई, काही न्हाई मामा," म्हणत राहिले. पण हे हेल्मेट काढून तिथंच उभे, चेहरा पांढरा. "तुम्ही कुठून आलात?" त्यांनी विचारलं. चिडून नव्हे. खरंच कळत नव्हतं त्यांना.

लेक नवऱ्याच्या गुडघ्याला बर्फ लावायला धावली. मी यांना कोपऱ्यातल्या बाकावर नेलं, चहाचा कागदी कप आणला आणि मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बाकावर ठेवला.

"चहा घ्या."

त्यांनी उजवीकडं बघितलं. समोर बघितलं. मग माझ्याकडं. "कुठाय?"

मी कपाकडं नुसतं बघितलं. त्यांना कळलं. मान वळवली, कप दिसला, पण उचलला नाही.

"हेल्मेटमुळं," ते म्हणाले.

"हेल्मेट काढलंय तुम्ही."

त्यांनी पुन्हा ट्रॅककडं बघितलं. मग विचारलं, "बत्ती कुठं व्हती?"

"डाव्या अंगाला. वर."

"मला वाटलं लागलीच न्हाई अजून."

"कवापासून हाय हे?"

"वरीस झालं असंल. मान वळवली की दिसतंय. सवय झाली."

त्या माणसाचा मला इतका राग आला की तो कप डोक्यावर ओतावा वाटला. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरंबाळं सुखरूप पोचवली म्हणून भिंतीवर बिल्ला, आणि सकाळी मला शेजारी बसवून अर्धा रस्ता दिसत नसताना आणलं. संध्याकाळी त्याच गाडीत पोटुशी लेक बसवणार होता. मी हळू आवाजात, पण स्पष्ट सांगितलं, "माझी लेक तुमच्या हातच्या गाडीत बसणार न्हाई. नांदेडला गेल्याबरोबर डोळे दाखवायचे."

ते हेल्मेट परत द्यायला उठले. मला वाटलं होतं भांडतील. मी भांडायच्या तयारीत होते.

ऊन उतरलं. घरी परतायची सोय नव्हतीच, मुहूर्तावर बाहेर पडलेलो. आम्ही गाडीपाशी आलो. हे नेहमीसारखे ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दार उघडून बसले, आरसा सारखा केला. लेक मागं बसली, मी तिच्या शेजारी. चारचौघांत, जावयासमोर मला आता बोलावं लागणार होतं. तेवढ्यात हे उतरले.

"पाव्हणं, गुडघा ठणकत नसंल तर तुम्हीच घ्या. मला जरा डुलकी येऊन राहिली."

रात्र रात्र गाडी चालवून ज्याची पापणी कधी लवली नाही, तो हा माणूस. जावयांनी माझ्याकडं बघितलं. मग, "हाव मामा, बसा निवांत," म्हणून किल्ली घेतली. हे पुढं डाव्या सीटवर बसले. लेकीनं मला खुणेनं विचारलं काय झालं. मी पदर सारखा केला.

यांना डुलकी आली नाहीच. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. पाय अधूनमधून नसलेला ब्रेक दाबत होता. उजवीकडच्या सगळ्या गोष्टी सांगत होते: ती बघा धाब्याची नवी शेड, तो पेट्रोलपंप आधी नव्हता. डावीकडचं काहीच नाही. मी मागून ऐकत होते आणि मोजदाद आपोआप होत होती, नको वाटत असूनही.

अहमदपूरच्या पुढं थोडं गेल्यावर म्हणाले, "पाव्हणं, आता एक चहाचं हॉटेल येईल डाव्या हाताला. मोकळंच हाय, एकटं, मोठं लिंबाचं झाड हाय समोर. माझी गाडी तिथंच थांबायची. तिथं चहा घेऊ."

ते हॉटेल नुकतंच गेलं होतं. लिंब, बाकडी, दारात उभा मालक, सगळं त्यांच्या काचेपासून हातभर अंतरावरून गेलं होतं.

जावई फार गुणी आहेत. काही न बोलता त्यांनी वेग कमी केला आणि दुभाजकाच्या पहिल्या फटीतून गाडी वळवली. गाडी वळली तसे हे ताठ झाले. ड्रायव्हरला वळण कळतं, त्याला डोळे लागत नाहीत. थोड्या वेळानं उजव्या हाताला, रस्त्यापलीकडं, लिंबाचं झाड आलं.

"कवा गेलं?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच, बाबा," लेक म्हणाली. तिलाही कळलं होतं.

पुढच्या फटीतून पुन्हा वळून आम्ही हॉटेलपाशी थांबलो. मालकानं यांना ओळखलं. म्हातारा मुसलमान माणूस, टोपी सावरत लगबगीनं पुढं आला. "या या, ड्रायव्हरसाहेब! किती दिवसांनी!" म्हणत दोन्ही हात पुढं केले. पण तो डाव्या बाजूनं आला होता. आवाज ऐकून हे हसले, आणि समोरच्या रिकाम्या बाकड्याला नमस्कार केला. म्हाताऱ्याचे हात तसेच राहिले.

मी मागून हळूच म्हटलं, "डावीकडं."

हे लगेच वळले. लग्न झाल्यापासून मी सांगितलेलं त्यांनी पहिल्यांदाच असं मुकाट ऐकलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.