याडीवाल्याचा वोरस

जुन्या ओवीतला कोणताही अवघड शब्द विचारा, गड्याचं उत्तर ठरलेलं: “थांबा, याडीले इचारून सांगतो.” याडी म्हणजे आई, त्यांच्या गोर बंजारा बोलीत. आर्णीजवळच्या तांड्यावरून हा माझ्या वडिलांकडे जुनं मराठी शिकायला यायचा. घरात मी त्याला ‘याडीवाला’च म्हणायचे. मी मराठीत एम.ए., तो कपाशीची फवारणी आटोपून आलेला. तरी तो दारात दिसला की बाबांचा चेहरा खुलायचा आणि माझ्या पोटात दुखायचं.

बाबांची शब्दांची एक वही होती. पटलेला अर्थ ते शाईने लिहीत आणि सांगणाऱ्याचं नाव पुढे टाकत. त्या वहीत एकदा तरी माझं नाव यावं, एवढीच माझी हाव होती.

एकदा त्यांनी गाय-वासराच्या एका ओवीतला ‘वोरस’ विचारला. मी कोश पाठच करून बसले होते. “प्रेमाचा भर,” मी फाडकन सांगितलं. बाबा नुसतं “हं” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हा आला. “गुरुजी, ओवीत गाय हाय म्हणून याडीले गाईचंच इचारलं. आमच्या गाईचं वासरू मेलतं. याडीनं त्याच्या कातड्यात कुटार-भुसा भरून तिच्यापुढं ठेवलं. गाय चाटे, दूध दे. पण याडी म्हणते, ते नुसतं दूध. जित्या वासराचा आवाज दुरून आला, का ते दिसायच्या आधीच थानं गळतात. तो वोरस.”

“म्हणून तर भक्तानं मागायच्या आधीच देव वोरसतो!” बाबांनी पेनाचं टोपण काढलं. मी चहा करायला आत गेले. साखर घालायची विसरले की मुद्दाम घातली नाही, देव जाणे. हा म्हणतो कसा, “ताई, चहा फस्क्लास!”

बाबा गेले. परवा कळंबच्या वाचनालयात माझं व्याख्यान होतं. ‘वोरस’ आला आणि मी बेधडक म्हणाले, “आमच्याकडे एक गाय होती.” आमच्या घरी कधी कोंबडीही नव्हती! टाळ्या पडल्या, आणि शेवटच्या रांगेत मला तो दिसला. मी घाईघाईने कागद गोळा करू लागले.

तो हसत पुढे आला. “ताई, गुरुजीच बोलून राह्यले असं वाटलं. याडीले फोनवर ऐकवलं सारं. लय खुश झाली.”

एका शब्दाने तरी भांडायचं ना मेल्यानं! बाबांकडून जे ऐकायला जन्म गेला, ते हा न मागता देऊन गेला. मी अजूनच जळले.

घरी येऊन वही काढली. वोरसपुढे त्याचं नाव होतं. त्याखाली त्याच्या याडीचं नाव लिहावं म्हणून पेन उघडलं, तर ते मला ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही. आता त्यालाच विचारावं लागणार.