काकडीच्या कलमाला शेकशेगडी

कलम बांधण्यात आमच्या पिंपळगावात माझा हात धरील असा माणूस नाय. माझ्या राखणीत जगलेलं कलम मात्र अजून कोणी पाह्यलेलं नाय.

आमच्या मंडळीच्या माहेरी, चांदवडला, एक पांढरट काकडी व्हायची. तिचं शेवटचं मूठभर बी सासूबाईंनी लेकीला दिलं. आमची माती अशी वंगाळ, की फूल लागलं रे लागलं की अख्खा वेल उभ्या उभ्या वाळायचा. नर्सरीवाला म्हणला, काकडीचा शेंडा दुधी भोपळ्याच्या रोपावर बांधा, दुधीच्या मुळ्या मातीला दाद देत नाय. मला लगेच प्रश्न पडला, मग काकडी दुधीसारखी लागंल का? तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. वळता वळता सांगितलं, की कलमं आठवडाभर झाकून ठेवा. ऊब पायजे, ओल पायजे, अंधार पायजे, वारं नको.

"म्हंजे बाळंतिणीची खोलीच की," मंडळी म्हणली.

तेवढंच माझ्या डोक्यात बसलं.

घरातलं सगळं बी पेरलं. रोपं आली तशी मी ती दुधीवर बांधली, चिमटे लावले, मागच्या खोलीत प्लास्टिकखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मंडळी लग्नाला गेली. मी इचार केला, बाळंतीण म्हणल्यावर शेक नको का? शेगडी पेटवली, निखाऱ्यावर ओवा न् बाळंतशोपा टाकल्या आणि शेगडी प्लास्टिकखाली सारली. (कलमं खोकली नाय एवढंच!)

धुरीचा वास गल्लीभर गेला. शेजारच्या आक्का डिंकाचे लाडू घेऊन हजर.

"सून बाळंत झाली का रं?"

आमचं पोरगं अजून दहावीत. मी म्हणलो, "नाय आक्का, काकडी."

आक्कांनी माझ्या कपाळाला हात लावून पाह्यला. मग धूर जावा म्हणून दार-खिडक्या सताड उघडल्या. आधी कोरडी आच, वरून भर दुपारचं वारं. कलमांनी माना टाकल्या.

मंडळी संध्याकाळी आली. थेट मागच्या खोलीत शिरली, शेगडी उचलून अंगणात ठेवली. कोपऱ्यात ओल्या गोणपाटाआड चार कलमं तग धरून होती. तिनं त्यांच्या भवती पाणी शिंपडलं, नवं प्लास्टिक झाकलं, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला. मी फटीतून डोकवायचो, तर फटीत चिंधी कोंबलेली. आठवडा झाल्यावर ती रोज थोडं थोडं झाकण उचलायला लागली, मला लांब उभा करून.

ती चार कलमं त्याच मातीत लावली. फूल आलं, वेल वाळला नाय. काकड्या धरल्या, पांढरट, पहिल्यासारख्याच. सासूबाई आल्या, एक फोड खाल्ली, डोळे मिटले. दुसरी उचलली. म्हणल्या, "हीच. हीच हाय."

मला राहवलं नाय. "मामी, कलम मी बांधलेलं हाय बरं का."

"बांधलं तुम्हीच, जावईबापू," सासूबाई तिसरी फोड उचलत म्हणल्या. "जगलं ते तुम्हाला भायेर काढलं म्हणून."