पाचवं पुस्तक चालवायचं का?

एका जागी बसून राहणं मला कधी जमलं नाही, आणि त्या वर्षी तर परभणीत कुणालाच जमत नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं. कॉलेज भरणार का, परीक्षा पुढे गेली की रद्द झाली, ताडकळसची एसटी सुटणार की आगारातच उभी राहणार, हे सकाळी चौकात गेल्याशिवाय कळायचं नाही. चौकात जायचं, परत यायचं, चहा प्यायचा, पुन्हा जायचं. अशा दिवसांत आम्ही चौघं मित्र दर रविवारी माझ्या खोलीवर जमून एक विलायती खेळ खेळायचो. तेवढा वेळ मी खरोखर बसायचो.

खोली पिठाच्या गिरणीच्या माडीवर होती. खेळ माझ्या मावसभावानं अमेरिकेहून आणलेला. नियमांचं एक पुस्तक आणि चित्रविचित्र फासे, त्यातला एक तर वीस बाजूंचा. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एक माणूस कल्पायचा, त्याचं बळ, अक्कल, हत्यारं कागदावर लिहायची आणि मग तो माणूस होऊन बोलायचं. एकानं गोष्ट चालवायची. पुढे दरी आहे, उडी मारतोस का? मारतो म्हटलं की फासा टाकायचा. गोष्ट चालवणारा मी, म्हणून सगळे मला कारभारी म्हणायचे. गिरणी सुरू झाली की माडी थरथरायची आणि पडलेला फासा हळूच कूस बदलायचा. त्यावरून इतकी भांडणं झाली की शेवटी फासा परातीत टाकायचा आणि परात मांडीवर घ्यायची, असा आमचा नियम आम्हीच केला. तो कुठल्या पुस्तकात नव्हता.

एका पुस्तकावर चार महिने मजेत चाललं. मग आमच्यातल्या झरीच्या गड्याला हैदराबादच्या फुटपाथवर याच खेळाच्या पुरवण्या सापडल्या. घरचं ओलिताचं रान, थोरल्या भावाच्या हैदराबादला सारख्या चकरा, त्यामुळे पुस्तकं येतच राहिली. दुसऱ्यात नवे मंत्र, तिसऱ्यात नवी हत्यारं, चौथ्यात देव आणि त्यांचे कोप. पुस्तक ज्याचं त्यानंच आधी वाचलेलं, म्हणून प्रत्येक पुस्तकागणिक त्याचा माणूस बळकट होत गेला. आमचे नकाशे काढणारा चारठाण्याचा मित्र एकदा वैतागून म्हणाला, "ह्याचा माणूस दार उघडायच्या आधी तीन पुस्तकं उघडायलाय!" माझंही डोकं फिरायचं. साधी उडी मारायची तर आधी अर्धा तास पानं चाळायची. शेवटी मी सांगून टाकलं, की पुस्तक कुणीही आणा, चालवायचं की नाही ते कारभारी ठरवेल.

आणि तेव्हाच पाचवं आलं. सोबत एक फासाही होता. या पुस्तकात माणसाचा जन्म ठरवायचा तक्ता होता. एक पडला तर भिकाऱ्याच्या घरी, वीस पडले तर राजाच्या.

"आता खरं वाटंल," झरीचा खुशीत म्हणाला. "कोणाच्या घरचा हाय हेच म्हाईत न्हाई, अन् आपण सालभर झालं खेळायलोत!"

मी आमच्यातल्या चौथ्याकडे, ताडकळसच्या मित्राकडे पाहिलं. आम्ही तिघं शेतकऱ्यांची पोरं, तो एकटा दलित वस्तीतला. तो नामांतराच्या मोर्च्यांना जायचा हे आम्हाला ठाऊक होतं. खोलीत त्यावर बोलायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, पण बोलत कुणीच नव्हतं. खेळातला त्याचा माणूस एक दोरखंड आणि एक कंदील एवढ्यावर निघाला होता. वर्षभर बुरूज चढून, थापा मारून, मार खाऊन तो एका लहानशा किल्ल्याचा किल्लेदार झाला होता. "दरवाजा उघडा!" असा हुकूम तो द्यायचा तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

हा आता उठून जाईल, अशी मला भीती वाटली. तो नसेल तर मला हा खेळच नको होता. "चार पुस्तकं बास झाली," मी म्हणालो. "हे नको."

झरीचा उसळला. पण त्यानं तोंड उघडायच्या आधी ताडकळसचाच बोलला, "टाकू की. माझ्यापायी कामून थांबता?" आणि त्यानं परात मांडीवर ओढली.

वीस पडले.

चारठाण्याच्यानं टाळी वाजवली. झरीच्यानं अगदी मनापासून त्याच्या पाठीत थाप मारली, "युवराज, आता चहा तुमच्याकडं!" सुटलो बाबा, असं वाटून मीही हसलो आणि त्याच्या कागदावर मोठ्या अक्षरात राजपुत्र असं लिहिलं.

तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कारभारी, हे खोड."

"कामून? वरचं आलंय की!" झरीचा म्हणाला.

"म्हणूनच खोड म्हणतो. राजाच्या पोराला किल्ला मिळणारच. मंग मी सालभर काय केलं? दोर लावून बुरूज कोण चढलं?"

"अरे, खेळ हाय."

"खेळ हाय म्हणून तर येतो मी. इथं कोणी इचारत न्हाई, कोणाचा हाईस म्हणून."

मला राग आला होता, आणि कुणाचा ते धड कळत नव्हतं. मी उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. मग कागदावरचा राजपुत्र खोडला आणि सांगितलं, "पाचवं नाही. दुसरं, तिसरं, चौथंही नाही. पहिल्या पुस्तकावर खेळायचं. जे हवं ते खेळून मिळवायचं."

झरीच्याचे कान लाल झाले. "माझी पुस्तकं नकोत तर मी बी नको," म्हणत त्यानं सगळी पिशवीत कोंबली आणि दडदड जिना उतरला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मलाच ठाऊक. दोन दिवस बंद होता, रस्त्यावर हिंडायचीही सोय नव्हती, मी खोलीतच येरझाऱ्या घालत होतो. एकाला राखायला गेलो आणि दुसरा घालवून बसलो. वाटायचं, झरीला जावं आणि त्याला ओढून आणावं. मग वाटायचं, कशाला? त्याला पटलं नसेल तर ओढून आणून काय करायचं? तिघांवर खेळ लंगडतो हेही दिसतच होतं. एक चढायला, एक नकाशा काढायला, पण लढायला कुणीच नाही.

रविवारी ते दोघं आले. फासे काढले, कागद मांडले, आणि आम्ही उगीच परीक्षेच्या तारखांवर बोलत बसलो. सुरू कर, असं मला कुणी म्हणेना. तेवढ्यात जिना वाजला.

झरीचा दारात उभा होता. पिशवी नव्हती. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यातच थांबला.

"त्या दिवशी मी फासा टाकलाच न्हाई," तो म्हणाला. "घरी जाऊन टाकला."

"काय आलं?" मी विचारलं.

"भिकाऱ्याचं." तो खाली बघायला लागला. "मंग पुन्हा टाकला. ते बी पटंना. मनासारखं येस्तवर टाकत बसलो."

"तेच तर. बाहेर जन्माचा फासा एकदाच पडतो," ताडकळसचा म्हणाला, आणि सतरंजीवर सरकून त्यानं त्याला जागा करून दिली.