गाडी चालू असताना बोलायचं नाही

शाळेच्या बसवरच्या ड्रायव्हरने सहा वर्षांत पहिल्यांदाच तीन दिवसांची रजा टाकली, मेव्हण्याची व्हॅन मागून आणली, आणि सहलीच्या पहिल्याच सकाळी बायकोला पेट्रोल पंपावर विसरून पुढे निघून गेला.

माणूस तसा बेजबाबदार नाही. गाडी हलवण्याआधी मागे वळून पोरं मोजायची हा त्याचा शिरस्ता. बसमध्ये बेचाळीस, व्हॅनमध्ये दोन. एक, दोन, झालं, निघाला. बायको मोजायची सवय त्याला कुणी लावलीच नव्हती.

अकरा किलोमीटरवर रेल्वेचं फाटक लागलं. इंजिन बंद झालं तशी सहा वर्षांची लेक मागून अदबीने म्हणाली, "काका, आई राहिली."

"राहिली? मग इतका वेळ काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलायचं नाही ना?"

नियम त्याचाच होता. दोन्ही पोरं त्याच्याच बसने जायची, सगळ्यांसारखी त्याला काका म्हणायची, आणि ते काका पार घरापर्यंत आलं होतं. चार वर्षांचा धाकटा तर हाताची घडी घालून ताठ बसला होता. याच शिस्तीचं कौतुक ड्रायव्हर चारचौघांत ऐकवत असे.

बायको पंपावर उलट्या क्रेटवर बसली होती. "या! उतारू भरले सगळे?"

"अगं, पोरांनी सांगितलंच नाही."

"तुम्हाला कधी काय सांगतात ती? माझ्याकडे दूध नको म्हणून फरशीवर लोळतात. तुमच्याकडे कधी हट्ट तरी केलाय? हट्ट आपल्या माणसाकडे करतात, अहो. ड्रायव्हरकडे नाही."

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. एकदा तरी या पोरांनी आपल्यापाशी हट्ट करावा, एवढंच मनात धरून तो समुद्रकिनाऱ्यावर पोचला. किल्ली आणि मोबाइल बायकोच्या पर्समध्ये गेले.

धाकट्याने वाळूत खड्डा खणला. मगभर पाणी ओतलं. पाणी गडप. पुन्हा ओतलं. चार वेळा ड्रायव्हरने निमूट पाहिलं, पाचव्यांदा तोंडातून गेलंच, "चला, आटपा, उशीर होतोय."

कशाला उशीर, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पोराने मात्र लगेच हातातला मग खाली ठेवला, हात झटकले आणि तो बहिणीच्या मागे रांगेत उभा राहिला.

ड्रायव्हर इस्त्रीच्या पँटसकट ओल्या वाळूत बसला. "जातं कुठे रे हे पाणी?"

पोराने संशयाने पाहिलं. "खाली. खेकडा आहे. त्याला तहान लागलीये."

"मग पाज की! मी आणतो पाणी."

लाटेने खड्डा मोडू नये म्हणून लेकीला राखणीला बसवलं. तिने आधी भाव ठरवला, "मला घोडा पाहिजे. तुमच्या पाठीवर, त्या काळ्या खडकापर्यंत."

"कबूल."

मग खेकड्याला बायको मिळाली, सासू मिळाली, सासूला खोकला झाला. पाणी ओतताना धाकटा जिभेचं टोक बाहेर काढतो, हे ड्रायव्हरला आज कळलं. बसच्या आरशात नुसते भांगच दिसतात.

"जेवायला चला!" बायकोने हाक मारली.

"चल रे," म्हणत ड्रायव्हर उठला.

"नाही!"

"अरे, आई बोलावतेय."

"सासू प्यायची राहिलीये! नाही येणार म्हणजे नाही येणार!" पोराने वाळूत लोळण घेतली, पाय झाडले, बापाच्या डोळ्यांत मूठभर वाळू गेली.

"अगं, बघ!" डोळे चोळत ड्रायव्हर ओरडला. "ऐकत नाहीये माझं!"

"दिसतंय. आनंद कसला होतोय? काढा आता समजूत."

त्याने काढली नाही. तो पुन्हा बसला आणि सासूला चांगली पोटभर पाजली.

तोवर राखणदार टॉवेलवर गाढ झोपली होती. तिला उठवणं त्याच्या जिवावर आलं, कडेवर घेऊन नेलं. दुसऱ्या दिवशी भरतीत खडक बुडाला, तिसऱ्या दिवशी सामान बांधलं. तो घोडा अजून द्यायचा आहे. घरातल्या घरात फिरवून भागवू, असं ड्रायव्हरने सुचवून पाहिलं. चालणार नाही, असं तिने बजावलंय.