वेगळी प्लेट मिळणार नाही

ज्या माणसाच्या अंगावर मी दोनदा धावून गेलो, त्याला काल खांदा दिला.

अंबादास काका गेले.

भवानी पेठेत, बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडमध्ये स्पॅनिश हॉटेल काढणारा माणूस. होय, स्पॅनिश. आपल्या सोलापुरात. सहा टेबलं, आणि बाहेर बोर्ड: 'बशी'.

काका विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू. तरुणपणी जहाजावर भांडी घासायला गेले, स्पेनच्या एका बंदरात उतरले आणि अकरा वर्षं तिथल्या किचनमध्ये काढली. परत आले ते तापास घेऊन. तापास म्हणजे छोट्या छोट्या डिशेस. टेबलाच्या मधोमध ठेवायच्या, सगळ्यांनी त्यातूनच खायचं.

भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: वेगळी प्लेट मिळणार नाही.

पुण्यातले मित्र विचारतात, तुमच्या सोलापुरात आहे काय? मी त्यांना हा फोटो पाठवायचो. भिंतीचा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. तिखट सॉसमधले बटाटे आले. लसणातले मशरूम आले. मटणाचे चार गोळे आले. मी आपला स्टार्टर समजून संपवतोय आणि जेवणाची वाट बघतोय.

अर्धा तास!

मग उठलोच. "ओ काका, भाकरी कधी येणार? का नुसता चकणाच चारताय?"

"झालं की जेवण."

"हे जेवण?" बाह्या वर करून मी थेट काउंटरपाशी.

काकांचा चेहरा हलला नाही. "कूर्चो," म्हणाले. तेलुगूत 'बस'.

आत गेले, कडक भाकरी घेऊन आले. तिच्यावर लसणाची पाकळी घासली, अर्धा टोमॅटो चोळला, वर तेल, मीठ. "तिकडं पावावर करत्यात. आपल्याकडं कडक भाकरी हाय की."

मधे ठेवली आणि समोर बसून पहिला तुकडा स्वतःच मोडला.

त्या दिवसापासून मी त्यांचा.

सेकंड इयरला मारामारी करून कॉलेज सोडलं तेव्हा अख्ख्या गल्लीने मला लेक्चर दिलं. काका एवढंच म्हणाले, "मी सातवीत शाळा सोडली. भूक लागायची थांबली न्हाय. खा."

आता दुसऱ्यांदाचं.

ती. नाव लिहीत नाही, ओरडेल.

तिचे पप्पा मला भेटायला तयार झाले. एकदाच. ते दुधनीकडचे, मोठ्या शेतकरी घरातले. आम्ही बौद्ध. ते आमच्या घरी यायचे नाहीत, मला त्यांच्या घरी बोलवायचे नाहीत. म्हणून ठरलं, 'बशी'.

ती फोनवर म्हणाली, "पप्पांनी तुमच्याकडे कधी पाणीसुद्धा घेतलेलं नाही. जपून हां."

दुपारीच काकांकडे पळालो. "काका, आज फक्त तीन वेगळ्या प्लेट द्या."

"न्हाय."

"एकदाच! माझ्या लग्नाचा प्रश्न आहे!"

"म्हणून तर न्हाय. आज वेगळी घेतलीस तर जन्मभर वेगळ्या प्लेटीत जेवशील. चालंल का?"

मी खुर्ची आपटली. तोंडाला येईल ते बोललो. कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली.

काका कांदा चिरत राहिले. "झालं का बोलून? जा, शर्ट बदलून ये. घामाचा वास मारतोय."

संध्याकाळी पप्पा आले. ती शेजारी, मान खाली.

मधोमध एकच बशी. टोमॅटो चोळलेली कडक भाकरी.

मी एक तुकडा घेतला. पप्पांचे हात मांडीवरच.

काका आले, खुर्ची ओढून बसले. मी जिथून मोडली होती, बरोब्बर तिथूनच तुकडा मोडला आणि चावत चावत म्हणाले, "खावा की साहेब. मऊ पडली तर मजा न्हाय."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं.

मग एक तुकडा घेतला. एवढुसा.

आणि लग्नाला नाही म्हणाले.

मी तिथेच डोकं धरून बसलो. काका बशी उचलत म्हणाले, "अरे, खाऊन म्हणाले की! खाऊन म्हटलेलं 'न्हाय' लई दिवस टिकत नसतंय."

वर्ष झालं त्याला. ती थांबली आहे. मीही.

काल काकांना पोचवून आलो. त्यांच्या घरी चूल पेटणार नव्हती, कडू घास पेठेतून जाणार होता. कुणी पिठलं केलं, कुणी भात. मी कडक भाकऱ्या घेतल्या. लसूण घासला, टोमॅटो चोळला. चोळताना तीन भाकऱ्यांचा चुरा झाला.

काकूंनी बघितलं. म्हणाल्या, "बशीत ठेव. मधे."

सगळे भोवती बसलो. पहिला तुकडा मी मोडला. आणि दारात तिचे पप्पा.

कुणी बोलावलं नव्हतं. आले, माझ्या समोर बसले. शेजारच्या मावशींनी घाईघाईने पत्रावळ पुढे केली. "साहेब, तुमाला वेगळं वाढते."

पप्पांनी पत्रावळ बाजूला सारली.

वाकले. मी मोडली होती तिथूनच एक तुकडा मोडला. चांगला मोठा.

सगळी पेठ बघत होती. काकांची पेठ.

सावकाश चावून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ कमी पडलंय रे."

रे. आयुष्यात पहिल्यांदा.

काका, श्रद्धांजली वगैरे मला लिहिता येत नाही. मीठ कमी पडलं, बाकी सगळं तुम्ही दाखवलं तसंच केलं.

कूर्चो, काका.

लई वर्षं उभे होता.